मान घासू नका, टेप घ्या

या वेळचं पत्र लातूर जिल्ह्यातल्या एका गावातून आलंय, नाव-गाव अर्थातच देत नाही. पत्र मोठं होतं, थोडं कमी करून पण त्यांच्याच शब्दांत देते.

"डॉक्टर ताई, नमस्कार. माझी मुलगी साडेपंधरा वर्षांची आहे. नववीपासून लातूरला हॉस्टेलवर आहे, आता अकरावी आणि नीटची बॅच चालू आहे. उन्हाळ्यात घरी आली तेव्हा मान मागून काळी पडलेली दिसली. मला वाटलं हॉस्टेलला पाणी कमी, पोरगी नीट अंघोळ करत नसंल. मी रोज लिंबू आणि खायचा सोडा लावून घासणीनं घासली, कातडं सोललं पण काळं काही जाईना. नंतर काखेत पण तसंच दिसलं. पाळी साडेबाराव्या वर्षी आली, आता दोन-अडीच महिने येतच नाही. एका दवाखान्यात दाखवलं, सोनोग्राफी केली, पीसीओडी म्हणाले. रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर ९२, इन्सुलिन १९.५, होमा ४.४३ आणि पुढं लाल अक्षरात हाय. एचबीएवनसी ५.८, त्याच्यापुढं प्रीडायबेटिक. हिमोग्लोबिन ९.४. उंची १५६ सेंटीमीटर, वजन ५० किलो. ताई, ती जाड नाहीच हो, हातपाय काड्यांसारखे आहेत, फक्त पोट थोडं सुटलंय. मग शुगर कशी काय? तिच्या बाबांना शुगर आहे, त्यांचीच गोळी अर्धी करून हिला द्या असं जाऊबाई म्हणायल्यात. शेजारचे एक जण वजन कमी करायची पावडर घ्या म्हणून मागं लागलेत. जन्मली तेव्हा २ किलो १०० ग्रॅमची होती, लई नाजूक. आता मे महिन्याच्या उन्हात पण गळ्याला ओढणी गुंडाळून बसायची. तिच्या आत्या म्हणतात असल्या मानेच्या पोरीला कोण करून घेणार. मी काय करू?"

ताई, सगळ्यात आधी ती घासणी बाजूला ठेवा. लिंबू, सोडा, बेसन-हळद, मेडिकलमधली गोरं करायची क्रीम, काही म्हणजे काही लावू नका, सोललेल्या जागी साधं खोबरेल तेल लावा आणि त्या कातडीला आराम पडू द्या. ते काळं म्हणजे मळ नाहीच. रक्तात इन्सुलिन, म्हणजे साखर ताब्यात ठेवणारं हार्मोन, बरेच महिने जास्त राहिलं की ते कातडीच्या पेशींनाही वाढायला लावतं, मग मानेच्या मागं, काखेत, जांघेत कातडी जाड होते, हात फिरवला तर मखमलीसारखी लागते, वळ्या दिसतात आणि रंग काळा पडतो. याला आम्ही अ‍ॅकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतो, नाव अवघड आहे पण खूण सोपी आहे. आणि घासल्यानं ते उलट वाढतं, कारण घासून कातडी सुजते आणि सूज उतरताना आणखी काळा डाग मागं ठेवून जाते. पोरीला दुखलं ते वेगळंच.

हे इतक्या जोर देऊन सांगण्याचं कारण म्हणजे ही चूक मी स्वतः केलेली आहे. ओपीडीत नवीन बसायला लागले होते तेव्हा एका बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या आईनं मान दाखवली आणि मी घाईत "अंघोळ नीट घालत जा" एवढं बोलून तिला परत पाठवलं, ती बाई ओशाळून गेली. दोन वर्षांनी तेच पोरगं तापासाठी आलं तेव्हा साखर तपासली तर वाढलेली निघाली. शरीरानं मानेवर दोन वर्षं आधी सांगितलं होतं आणि मी त्या माउलीला स्वच्छता शिकवत बसले. तेव्हापासून माझ्याकडं दहा वर्षांच्या पुढचं कुठलंही लेकरू कशासाठीही आलं, खोकल्यासाठी आलं तरी, मी कॉलर मागं करून मान बघतेच.

आता तुमचा मोठा प्रश्न, जाड नाही मग शुगर कशी. पहिल्यांदा हे समजून घ्या की तिला आज शुगर झालेली नाहीये. साखर ९२ आहे, ती चांगली आहे. बिघाड त्याच्या मागं आहे. तुमच्याकडं शेतात ठिबक असेल तर लगेच कळेल, नळ्यांमध्ये क्षार बसले की झाडाला पाणी कमी पडायला लागतं, मग आपण काय करतो, मोटर जास्त वेळ चालवतो. झाडं हिरवी दिसतात, बांधावरनं बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे, पण मोटर तिकडं तापायलीय. साखर म्हणजे ते हिरवं झाड आणि इन्सुलिन म्हणजे मोटर किती चालली त्याचा हिशोब. लिव्हर, स्नायू, चरबी हे इन्सुलिनचं ऐकेनासे झाले की स्वादुपिंड दुप्पट-तिप्पट इन्सुलिन सोडून साखर जागेवर ठेवतं, यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणायचं. असं बरीच वर्षं चालू शकतं. मोटर थकली की मग साखर चढते, आणि आपल्याकडं बहुतेक लोक तेव्हा कुठं पहिल्यांदा डॉक्टरकडं जातात.

तो होमाचा आकडा, म्हणजे शरीर इन्सुलिनचं किती ऐकत नाही त्याचा अंदाज, तो पण काही जादू नाही, उपाशीपोटीची साखर गुणिले उपाशीपोटीचं इन्सुलिन भागिले ४०५, एवढंच. ९२ गुणिले १९.५ म्हणजे १७९४, त्याला ४०५ नं भागलं की ४.४३, तुमचा रिपोर्ट हिशोबात बरोबर आहे. पण त्याच्यापुढं जे लाल अक्षरात हाय छापलंय ते मोठ्या माणसांच्या मापानं छापलंय. वयात येताना प्रत्येकच मुलाचं-मुलीचं शरीर इन्सुलिनचं कमी ऐकतं, कारण तेव्हा वाढीचं हार्मोन जोरात असतं, इन्सुलिनचा परिणाम साधारण एक तृतीयांशानं कमी होतो आणि वाढ पूर्ण होत आली की परत जागेवर येतो. म्हणून तेरा वर्षांच्या तब्येतशीर लेकराचा होमा तीनच्या पुढं दिसला तर मी घाबरत नाही, आणि या वयासाठी सगळ्या जगानं मान्य केलेला एकच असा आकडाही नाहीये. मग तुमच्या मुलीचं सोडून द्यायचं का? नाही. तिची पाळी सुरू होऊन तीन वर्षं झालीत, म्हणजे वयात येण्याचा चढ तिचा बराचसा उतरलेला असायला पाहिजे, तरी आकडा ४.४ आहे, मान काळी आहे, पाळी लांबलीय, बाबांना शुगर आहे, जन्माचं वजन कमी होतं. एकटा आकडा असता तर मी म्हटलं असतं बघू सहा महिन्यांनी. इथं पाच गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवायल्यात.

एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, तिच्या ५.८ वर मात्र मी आज विश्वास ठेवणार नाही. ५.७ ते ६.४ ला प्रीडायबेटिस, म्हणजे शुगरचा उंबरठा, म्हणतात हे खरंय, पण ही टेस्ट लाल पेशींवर अवलंबून असते आणि लोह कमी असलं की ती खोटी वर सरकू शकते. तुमच्या मुलीचं हिमोग्लोबिन ९.४ आहे ताई. त्या रिपोर्टवर सगळ्यांनी साखर वाचली आणि हिमोग्लोबिनकडं कुणी बघितलंच नाही, आणि मला विचाराल तर आज उपचार सुरू करायचा असेल तर तो पहिला ह्याचा करायचा. साडेपंधरा वर्षांची पोरगी ९.४ वर दहा-बारा तास अभ्यास करायलीय, तिला दम लागत असणार, झोप येत असणार, आणि मग ताजंतवानं वाटावं म्हणून ती चहा आणि बिस्किटं घेत असणार. डॉक्टरांकडून लोहाच्या गोळीचा पूर्ण डोस घ्या, शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते ती रक्त कमी होऊ नये म्हणून असते, एवढं उतरलेलं भरून काढायला ती पुरत नाही. जंताची गोळी पण विचारा. गोळी चहासोबत घ्यायची नाही, लिंबूपाण्यासोबत घेतलेली चांगली, लिंबाचा खरा उपयोग मानेवर नाही, तिथं आहे. लाल पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं असतं, त्यामुळं हिमोग्लोबिन भरून आल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी परत करा, तेव्हाचा आकडा खरा.

आता मापाकडं येते, कारण सगळं पत्र वाचून मला सगळ्यात जास्त हवं होतं तेच तुम्ही लिहिलं नव्हतं. वजन लिहिलं, उंची लिहिली, पण कमर नाही. १५६ आणि ५० म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजन किती त्याचा आकडा, साडेवीस, मुलांचा बीएमआय मोठ्यांसारखा बघायचा नसतो, वय आणि मुलगा-मुलगी बघून तक्त्यावर मांडायचा असतो, इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे २०१५ चे तक्ते आम्ही वापरतो आणि त्यावर तुमची मुलगी नॉर्मलमध्येच येते. म्हणून तर कुठल्याच शाळा-तपासणीत तिचं नाव निघालं नाही.

मी तुम्हाला फोनवर कमर मोजून कळवा म्हटलं, तुम्ही ७४ कळवलं. मला ते खरं वाटेना म्हणून विचारलं कुठं मोजलं, तर ड्रेस शिवायला देताना मोजतात तसं, जिथं सगळ्यात बारीक आहे तिथं, ड्रेसवरनं, टेप जरा ओढून. बहुतेक सगळ्या आया असंच मोजतात, त्यात तुमचं काही चुकलं नाही. मग दुसऱ्यांदा नीट मोजायला लावलं. दार लावून, पोरीला सरळ उभं करायचं, पाय थोडे लांब, कुर्ता वर आणि सलवारीची नाडी सैल, बगलेखाली खाली येत येत शेवटची बरगडी बोटानं शोधायची, मग कमरेचं हाड शोधायचं, दोन्हीच्या बरोबर मध्ये पेनानं बारीकशी खूण करायची, टेप तिथून गोल न्यायची, मागं वर चढू द्यायची नाही की पुढं खाली उतरू द्यायची नाही, कातडीला टेकली पाहिजे पण रुतली नाही पाहिजे. आणि मग तिला म्हणायचं श्वास सोड, पोट आत ओढू नको, आणि श्वास सुटला की वाचायचं. दुसऱ्या वेळी आलं ८१. सात सेंटीमीटरचा फरक, त्याच पोरीचा, त्याच दिवशी.

आता उंचीच्या निम्मं करा. १५६ चे निम्मे ७८. कमर उंचीच्या निम्म्याच्या आत पाहिजे, हा नियम मुलगा असो मुलगी असो, दहा वर्षांचा असो की सोळाचा, सगळ्यांना ढोबळमानानं चालतो, तक्ता लागत नाही, गणित लागत नाही, उंचीएवढी सुतळी घेऊन दुमडून कमरेला गुंडाळली तरी कळतं, टोकं एकमेकांना भेटली तर ठीक. तुमच्या मुलीची तीन सेंटीमीटरनं भेटत नाहीत. वजनकाटा जे सांगत नव्हता ते टेपनं सांगितलं. कारण काट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, हातपाय काड्यांसारखे म्हणजे स्नायू कमी, पोट सुटलंय म्हणजे चरबी आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये, आणि तीच चरबी इन्सुलिनला सगळ्यात जास्त अडवते. मांडीवरची चरबी एवढा त्रास देत नाही.

ही आपल्या लोकांची ठेवणच आहे हो, तुमच्या घरातलाच काही दोष नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांमधल्या बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची, पण आपल्या बाळांचे हातपाय, स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानानं राखलेली, म्हणजे दिसायला बारीक पण आतून चरबीची. २००४ मध्ये त्यांनी स्वतःचं आणि त्यांच्या एका इंग्रज डॉक्टर मित्राचं माप छापलं होतं, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, आणि शरीरातली चरबी मित्राची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. मी विद्यार्थ्यांना तो दोघांचा फोटो दाखवते, शंभर वाक्यांचं काम होतं. सरकारनं २०१६ ते २०१८ मध्ये देशभरातल्या मुलांचं पोषण सर्वेक्षण केलं होतं, त्यात किशोरवयातली जाड मुलं साधारण ५ टक्के निघाली आणि साखर प्रीडायबेटिसच्या पट्ट्यात असलेली मात्र दहातलं एक. म्हणजे यातली कितीतरी पोरं दिसायला जाड नव्हतीच. त्याच सर्वेक्षणात किशोरवयातल्या ४० टक्के मुलींचं रक्त कमी होतं, त्यामुळं मघाशी सांगितलं तसं काही जणींची साखर थोडी खोटी वर दिसली असेल, पण सगळ्यांची नक्कीच नाही.

२ किलो १०० ग्रॅमचं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, पण ते लिहिताना तुम्हाला अपराधी वाटलं असं मला वाक्यावरनं वाटलं. पोटात असताना कमी मिळालं की बाळ मेंदू वाचवतं आणि स्नायूंवर काटकसर करतं, मग पुढं खायला भरपूर आणि हालचाल कमी असं झालं की ती काटकसर अंगावर येते. आपल्या भागात बाई पोटुशी असताना पाण्याच्या खेपा घालते, शेतात खुरपायला जाते आणि सगळ्यांच्या शेवटी जेवते. तुम्ही काही खाल्लं नाही म्हणून तसं झालं नाही, तुम्हाला मिळालं नाही म्हणून झालं.

आता पीसीओडीबद्दल, म्हणजे अंडाशयातल्या बिघाडानं पाळी लांबते त्या आजाराबद्दल. पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाल्यावर ३५ दिवसांच्या वर पाळी लांबत असेल तर लक्ष द्यायला पाहिजे, त्यामुळं दाखवलंत ते बरोबरच. पण पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफीवरनं हे निदान करायचं नाही असं आता जगभरचे तज्ज्ञ सांगतात, कारण या वयात अंडाशयात बारीक बारीक फोड दिसणं हे नॉर्मलच असतं. इन्सुलिन जास्त झालं की अंडाशय पुरुषी हार्मोन जास्त बनवतं, त्यानं पाळी लांबते, चेहऱ्यावर पुटकुळ्या, हनुवटीवर जाड केस येतात. म्हणजे मान, पोट आणि पाळी या तीन वेगळ्या भानगडी नाहीत, एकाच वेलीला आलेली तीन फळं आहेत. "पीसीओडी" हा शब्द तिच्या कपाळावर आज चिकटवू नका, थायरॉईड आणि हार्मोनच्या तपासण्या स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतील तशा करा आणि पाळीची तारीख वहीत लिहायला लावा.

बाबांची गोळी अजिबात नाही! शुगरच्या गोळीत बऱ्याचदा दोन औषधं एकत्र असतात, मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड असलं तर तिची साखर, जी मुळात ९२ आहे, ती धाडकन खाली येऊन पोरगी हॉस्टेलच्या जिन्यात चक्कर येऊन पडेल. नुसती मेटफॉर्मिन दहा वर्षांपुढच्या मुलांना देतात, पण शुगर झालेल्यांना, आणि बाकी कुणाला द्यायची ते डॉक्टर तपासून ठरवतात. पावडरीवर मी शब्द वाया घालवत नाही, तिला वजन कमी करायचंच नाहीये, तिचं वजन बरोबर आहे, तिला पोट कमी आणि स्नायू जास्त करायचेत आणि ते उपाशी राहून होत नाही. गुरुवार-शनिवारचे उपवास करत असेल तर परीक्षा होईपर्यंत देवाची माफी मागून बंद करा, साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात लोह आणि प्रोटीन नावालाच.

मेसचं काय, हा खरा अवघड भाग आहे. मी लातूरच्या मुलींकडून मेसचा आठवडा लिहून घेतलाय बऱ्याच वेळा. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी तीन पोळ्या, बटाट्याची पातळ भाजी, भाताचा डोंगर आणि पिवळ्या पाण्यासारखं वरण, संध्याकाळी क्लास सुटला की वडापाव नाहीतर नूडल्स, रात्री परत पोळी-भात, आणि अकराला जागायचं म्हणून चहा-बिस्किट. पोट भरतं, पण सगळं एकाच जातीचं. तुम्ही लांब राहून पोळी-भात बदलू शकत नाही पण डबा पाठवू शकता. फरसाण, बिस्किटाचे पुडे, बुंदीचे लाडू पाठवणं बंद करा, त्याच्या जागी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी, भिजवून मोड आणायला मटकी-हरभरे. अंडी चालत असतील तर रोज दोन उकडलेली. ताटात आधी वरण-उसळ आणि कच्चं काही, मग पोळी, भात शेवटी आणि एकच वाटी, हा क्रम बदलला तरी जेवणानंतर साखर एवढी उसळत नाही. कोल्ड्रिंक, पाकिटातला ज्यूस, उसाचा रस हे पूर्ण बंद, एवढी एक गोष्ट तरी शंभर टक्के पाळा, पिऊन गेलेली साखर थेट लिव्हरवर बसते. चहा दिवसाला एकदाच आणि जेवणाला चिकटून नाही, कारण चहा लोह अडवतो. घरी आली की आपली ज्वारीची भाकरी, पिठलं, अंबाडीची भाजी, येसर, धपाटे आणि दही, हे सगळं द्या, पण भाकरी म्हणजे औषध समजून चार-पाच वाढू नका, ती पण धान्यच आहे, दीड-दोन भाकरी आणि वर वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ.

आणि हालचाल. फोनवर तुम्ही एक गोष्ट सहज बोलून गेलात, पोरगी आठवीपर्यंत शाळेच्या खो-खोच्या टीममध्ये होती. मला ते ऐकून वाईट वाटलं आणि आशाही वाटली. स्नायू चालतात तेव्हा ते रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न बघता ओढून घेतात, आणि एक दिवस जोरात खेळलं की त्याचा गुण दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतो. या वयाला रोज साठ मिनिटं हालचाल लागते. हॉस्टेल ते क्लास ऑटो बंद, चालत जाऊ दे, मैत्रिणीसोबत. पहाटे किंवा संध्याकाळी वीस मिनिटं दोरीवरच्या उड्या आणि बैठका, खो-खोवालीला बैठका काही नवीन नाहीत. तासाभरानं उठून पाच मिनिटं उभं राहून वाचणं. तुम्ही म्हणाल नीटची परीक्षा होऊ द्या मग बघू. ताई, नीटला अजून दोन वर्षं आहेत, आणि कधी कधी एक वर्ष रिपीटचं, तेवढ्यात ती मोटर किती चालेल? रात्री एकपर्यंत जागून केलेला अभ्यास सकाळी राहत नाही हे पोरं पण मान्य करतात, आठ तास झोप द्या, झोप कमी झाली की इन्सुलिनचं काम आणखी बिघडतं आणि भूक पण गोडाचीच लागते.

तपासण्यांमध्ये आता करायच्या राहिलेल्या म्हणजे बीपी, लिपिड प्रोफाइल, लिव्हरसाठी एसजीपीटी आणि थायरॉईड. एसजीपीटीच्या रिपोर्टवर ४० पर्यंत नॉर्मल छापलेलं असतं, या वयाच्या मुलीला २२ च्या वर असेल तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत बालरोग ओपीडी आहे, तिथं गेलात तर खर्च पण कमी येईल. इन्सुलिनची टेस्ट दर महिन्याला करत बसू नका, तो आकडा लॅब बदलली की बदलतो, पैसे वाया जातात, तुमच्यासाठी टेप पुरे, तीन महिन्यांतून एकदा, त्याच जागी, सकाळी काही खायच्या आधी. उंची पण तेव्हाच परत घ्या, भिंतीला टाचा लावून, डोक्यावर वही आडवी धरून, फॉर्मवर लिहिलेली जुनी उंची धरू नका. मात्र मध्येच खूप तहान, रात्री तीन-चारदा लघवीला उठणं, खाऊनही वजन उतरणं, उलट्या असं काही झालं तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी साखर तपासायची.

कमर कमी व्हायला लागली तरी मान लगेच उजळणार नाही, त्याला कित्येक महिने लागतात, हे तिला आधीच सांगून ठेवा नाहीतर ती रोज आरसा बघून हिरमुसेल.

तिच्या आत्यांना काय सांगायचं तेही सांगते. सांगा की डॉक्टर म्हणाल्या हा मळ पण नाही आणि रोगट कातडी पण नाही, आणि हिच्यासमोर परत मानेचा विषय काढायचा नाही. एवढंच, जास्त वाद नको. लेकरू ओढणी गुंडाळून बसतं तेव्हा ते मे महिन्याच्या घामात बसलेलं असतं हो, खेळायला जात नाही, ग्राउंडवर केस वर बांधत नाही, म्हणजे ज्या गोष्टीनं ती बरी होणार तीच या बोलण्यामुळं सुटते. घासत होतात त्या दिवसांबद्दल तिला एकदा सरळ म्हणा, माझं चुकलं, मला माहिती नव्हतं. आई असं म्हणाली की पोरी बोलत्या होतात, माझ्यासमोर झालंय असं.

येत्या रविवारी ती घरी येणार म्हणालात, तेव्हा टेप तिच्या हातात द्या आणि पहिलं माप बाबांचं घ्यायला लावा, पुरुषांना ९० च्या आत पाहिजे, मग तुमचं, बायांना ८० च्या आत, आणि तिचं शेवटी. तिघांची मापं एकाच पानावर तारीख घालून लिहा. बाबांचं निघणारच ९० च्या वर, मग रोज संध्याकाळी त्यांना पण चालायचंय आणि त्यांच्या पण ताटात भात एकच वाटी. पान जपून ठेवा आणि तीन महिन्यांनी दुसरं माप, नवीन हिमोग्लोबिन आणि पाळीच्या तारखा मला कळवा, मी वाट बघते.